रशमोर (चित्रपट)

रशमोर हा १९९८ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन विनोदी चित्रपट आहे. वेस अँडरसन यांनी दिग्दर्शित केलेला हा दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट असून त्याची पटकथा अँडरसन व ओवेन विल्सन यांनी मिळून लिहिली आहे. जेसन श्वार्ट्‌झमन, बिल मरे आणि ऑलिव्हिया विल्यम्स यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. वयाच्या मानाने अतिशय हुशार, परंतु भावनिकदृष्ट्या अपरिपक्व अशा एका १५ वर्षांच्या मुलाचे शिक्षिकेवर जडलेले एकतर्फी प्रेम हा त्याचा विषय आहे.

कथानक

मॅक्स फिशर हा रशमोर अकादमी या खासगी शाळेत शिष्यवृत्तीवर शिकत असतो. मधमाशीपालनापासून फ्रेंच मंडळापर्यंत अनेक मंडळे तो चालवतो, स्वतः लिहिलेली नाटके बसवतो, मात्र बहुतेक विषयांत नापास होतो. वडील नाभिक असूनही ते मेंदूचे शल्यविशारद असल्याचे तो सांगतो. ग्रंथालयातील एका पुस्तकात कोणी हाताने लिहून ठेवलेल्या ओळींचा माग काढताना त्याची रोझमेरी क्रॉस या तरुण शिक्षिकेशी ओळख होते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. तिच्यासाठी तो शाळेच्या बेसबॉल मैदानावर परवानगीविना मत्स्यालय उभारू पाहतो, आणि त्याला शाळेतून काढून टाकले जाते.

मत्स्यालयाला पैसा पुरवणारा पोलाद उद्योजक हर्मन ब्लूम, मॅक्सचा मध्यमवयीन मित्र, स्वतःच रोझमेरीच्या प्रेमात पडतो. हे कळल्यावर दोघांत सूडसत्र सुरू होते. मॅक्स ब्लूमच्या पत्नीला सर्व सांगून टाकतो व त्याच्या हॉटेलच्या खोलीत मधमाश्या सोडतो. ब्लूम मॅक्सची सायकल मोटारीखाली चिरडतो. त्यावर मॅक्स त्याच्या मोटारीचे ब्रेक निकामी करतो आणि त्याला अटक होते. कालांतराने वडिलांच्या दुकानात काम करू लागलेला मॅक्स ब्लूमला तेथे नेतो आणि आपल्या खऱ्या वडिलांची ओळख करून देतो. अखेरीस व्हिएतनाम युद्धावरील त्याच्या नव्या नाटकाच्या प्रयोगाला सर्वजण एकत्र येतात.

आशय

मॅक्सच्या प्रेमाच्या मुळाशी वियोग आहे. तो सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्याला रशमोरमध्ये प्रवेश मिळाला तोही तिच्यामुळे, कारण मुलाने लिहिलेली एकांकिका तिनेच शाळेला वाचायला दिली होती. रोझमेरीचा पती एडवर्ड अ‍ॅपलबी हाही रशमोरचा माजी विद्यार्थी. त्याचा बुडून मृत्यू झालेला असतो, आणि पुस्तकातील त्या ओळी त्याच्याच पुस्तकसंग्रहाशी निगडित असतात. मॅक्सला शाळा सोडवत नाही आणि रोझमेरीला पतीची आठवण, त्यामुळे दोघांना एकमेकांचे दुःख उमगते. परंतु मॅक्स या जवळिकीलाच प्रेम समजतो.

या प्रकारच्या अनेक चित्रपटांत किशोरवयीन नायकाचा हट्ट अखेर गोड मानून घेतला जातो. येथे तसे होत नाही. रोझमेरी त्याला सुरुवातीला सौम्यपणे नकार देते. नंतर मात्र त्याच्या कल्पनेतील शृंगार प्रत्यक्षात कसा असेल, हे ती त्याला अत्यंत रोखठोक शब्दांत विचारते. या प्रसंगात विनोद जवळजवळ थांबतो. चित्रपटाचा शेवटही तिला मिळवण्यात होत नाही. मॅक्स आपले नाटक आई व अ‍ॅपलबी या दोघांना अर्पण करतो, आणि तोवर मार्गारेट यांग ही समवयस्क वर्गमैत्रीण त्याच्या आयुष्यात आलेली असते.

निर्मिती

चित्रीकरण टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे झाले. अँडरसन यांचे जन्मगाव हेच. ते जेथे शिकले त्या सेंट जॉन्स स्कूलचा परिसर रशमोर म्हणून वापरला गेला, तर मॅक्सला नंतर जावे लागणारी सरकारी शाळा समोरच्या लामार हायस्कूलमध्ये चित्रित झाली. श्वार्ट्‌झमन यांचा हा पहिलाच चित्रपट. ते अभिनेत्री टालिया शायर यांचे पुत्र व दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचे भाचे होत. मरे यांनी नेहमीच्या तुलनेत अगदी किरकोळ मानधनावर काम केले. शाळेतील लिटलजीन्स हे छोटे पात्र इंदूर येथे जन्मलेले कुमार पल्लना यांनी रंगवले आहे. अभिनयाकडे वळण्यापूर्वी ते काठ्यांवर ताटल्या फिरवण्याचे खेळ करीत असत.

छायाचित्रण रॉबर्ट येओमन यांचे असून मूळ संगीत मार्क मदर्सबॉ यांचे आहे. १९६० च्या दशकातील ब्रिटिश रॉक गीतांचा मुबलक वापर केलेला आहे. आरंभी केवळ किंक्स या वाद्यवृंदाचीच गीते घेण्याचा अँडरसन यांचा विचार होता. कथेतील महिने रंगमंचाच्या पडद्यावर नाव दाखवून सुरू होतात, त्यामुळे संपूर्ण चित्रपट मॅक्सनेच बसवलेल्या नाटकासारखा वाटतो.

प्रतिसाद

अमेरिकेत चित्रपटाने सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरचा व्यवसाय केला. समीक्षकांचे स्वागत त्या मानाने बरेच मोठे होते. इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत अँडरसन यांना दिग्दर्शनाचा व मरे यांना सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी मात्र मरे यांना नामांकनही मिळाले नाही. विनोदी नट म्हणून परिचित असलेल्या मरे यांच्या खिन्न, संयत भूमिकांचा काळ या चित्रपटापासून सुरू झाला असे मानले जाते. २०१६ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत रशमोरचा समावेश केला.