सेलच्या पोटात काय?

एक्सेल सगळ्यांना येतं असं आपण धरून चालतो, पण ते आलं कुठून हे फारसं कोणी विचारत नाही. मला या असल्या चौकशा भारी आवडतात, तेव्हा ऐका.

१९७८ साल. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. सर फळ्यावर आकड्यांचं मोठं कोष्टक मांडत. एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे पुसायचे आणि पुन्हा मांडायचे. ब्रिकलिनच्या मनात आलं, फळ्यानेच हे गणित परत केलं तर? मित्र बॉब फ्रँकस्टनने प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ मध्ये अ‍ॅपल टू वर व्हिजिकॅल्क आलं. ६३ स्तंभ, २५४ ओळी, बस्स! पण तेवढ्यासाठी लोक संगणक विकत घेऊ लागले. पेटंट मात्र घेतलं गेलं नाही, तेव्हा सॉफ्टवेअरला ते सहसा मिळतच नसे. मग काय, १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं, चार्टची सोय पोटात घेऊनच. १९८५ मध्ये एक्सेल, तेही आधी मॅकिंटॉशवर. असो.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच. फळ्यावर गणिताची प्रत्येक पायरी वर्गाला दिसायची. स्प्रेडशीटमध्ये दिसतं फक्त उत्तर.

राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं, की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. सरकारी खर्चाला कात्री लावताना पुढाऱ्यांनी याचा दाखला दिला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यास म्हणून तेच गणित करताना उत्तर जुळेना. त्याने मूळ फाइल मागितली, ती मिळालीही (हे कौतुकास्पदच). सरासरीचं सूत्र ४९व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४व्या ओळीवरच थांबलं होतं. ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंत पाच देश गायब! हर्नडन आणि त्याच्या शिक्षकांचा आकडा आला २.२ टक्के. सगळा फरक त्या पाच ओळींचा नव्हता. काही वर्षं वगळणं आणि देशांना दिलेलं वजन यांचा वाटा मोठा होता. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, निष्कर्ष सोडला नाही.

सध्या भाचीला एक्सेल शिकवतोय. तिला घाई चार्टची. पण मी आधी कंट्रोल धरून १ च्या डावीकडची कळ दाबायला शिकवली. सगळी सूत्रं उघडी पडतात, अगदी फळ्यासारखी. व्याजाचा दर सूत्रात कोंबायचा नाही, वेगळ्या सेलमध्ये नाव घालून ठेवायचा. आणि चार्ट काढलाच, तर त्याने कुठपासून कुठपर्यंतच्या ओळी उचलल्या ते बघायचं. पाच ओळी सुटल्या तरी रेघ तितकीच सुबक दिसते हो!