खंडेनवमीची तलवार ते मोटारीचा रंग : आधी निर्मळ, मग कवच

१/ खंडेनवमीच्या सकाळी अक्कलकोटच्या एखाद्या गल्लीत उभे राहा. दुचाकी, जीप, ट्रॅक्टर धुऊन-पुसून दारापुढे लावलेले दिसतील. त्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची माळ. हा मान मुळात शस्त्रांचा. खंडा म्हणजे सरळ पात्याची तलवार. शस्त्राची जागा वाहनाने घेतली. पण त्याला राखण्याचे शास्त्र बदलले का? त्याविषयी हा धागा.

२/ अक्कलकोट संस्थानाचे मूळ १७०७ सालात आहे. मोगलांच्या कैदेतून सुटून परतणाऱ्या शाहू महाराजांना पारद गावी लोखंडे घराण्यातील राणोजी हा बालक लाभला. महाराजांनी त्याला पुत्रवत् वाढवले. तोच फत्तेसिंह भोसले. अक्कलकोट पुढे याच घराण्याकडे राहिले. १९४८ साली संस्थान विलीन झाले. राजवाड्यातील शस्त्रसंग्रह मात्र आजही त्या काळाची साक्ष देतो.

३/ रणांगणावरचा शत्रू कधीतरी येतो. पोलादाचा शत्रू, म्हणजे गंज, बारमाही असतो. पावसाळ्याची दमट हवा सोसलेली पाती आश्विनात बाहेर निघत. विटेची पूड वा राख घेऊन घासणे, कोरडे पुसणे आणि शेवटी तेलाचा हात फिरवणे, असा क्रम असे. तो उलटा करून चालत नाही.

४/ कारण साधे आहे. तेल बाहेरचे पाणी व हवा अडवते. परंतु आत आधीच अडकलेले क्षार आणि ओल यांचे काम त्या थराखाली चालूच राहते. वरून पाते चकाकते, आतून ते झिजत असते. झाकणे म्हणजे राखणे नव्हे.

५/ हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन गिरवला आहे. स्थळ : अजिंठा. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढले.

६/ पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी यांना पाचारण केले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी सांभाळला, हे श्रेय त्यांचेच. मात्र चित्रांवर लावलेली लाखेची वार्निशही काळाबरोबर पिवळी-तपकिरी पडली आणि धूळ व काजळी त्या थराखाली बंदिस्त झाली. ते थर उतरवण्याचे अतिशय नाजूक काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना नंतर करावे लागले. हेतू रक्षणाचाच होता. चूक क्रमाची आणि द्रव्याच्या निवडीची होती.

७/ आता मोटारीकडे वळू. आरंभीच्या मोटारी घोडागाडीप्रमाणेच रंगवल्या जात : तेलाधारित व्हार्निशचे अनेक हात, आणि वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे. १९२३-२४ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग आला आणि हा वेळ एकदम घटला. त्याची झळाळी टिकवण्यासाठी पॉलिश आणि मेण लागे. ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण त्यासाठी नावाजले गेले.

८/ १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत रुळली. या थराचे दुखणे निराळे. ब्रेक आणि रेल्वेच्या चाकांपासून उडणारे लोहकण, डांबराचे ठिपके, शेजारच्या फवाऱ्यातून आलेला रंग त्यात रुतून बसतात. साबणपाण्याने ते निघत नाहीत. लोहकण तर जागेवरच गंजतात.

९/ उपाय जपानमधून आला. तादाओ कोदाते यांना १९९५ साली अमेरिकेत ‘लवचीक घर्षणशिले’चे पेटंट मिळाले. मऊ कृत्रिम राळेत अतिसूक्ष्म घर्षककण मळलेले असतात. हीच ती डिटेलिंग क्ले. नाव मातीचे असले तरी ती शेतातली माती नव्हे.

१०/ पद्धत अशी : गाडी सावलीत धुवावी, पृष्ठभाग निसरडा ठेवून क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवावी, मळलेली बाजू आत दुमडावी. जमिनीवर पडलेला तुकडा टाकून द्यावा, कारण त्यात रुतलेला खडा रंगावर चरे पाडतो. क्लेबरोबर जुने मेणही निघते. म्हणून त्यानंतर मेण किंवा सीलंट लावणे अपरिहार्य. सोलापूरच्या उन्हाधुळीत तर अधिकच.

११/ मित्रहो, शेवटी एक विनंती. हे ज्ञान मोटारीवर अवश्य वापरा. गडावरच्या तोफेवर किंवा घरातल्या जुन्या तलवारीवर नको. तिथे घासताना गंजाबरोबर कोरीव अक्षरेही जातात आणि त्यांवर फासलेला ऑइलपेंट आतला गंज झाकून ठेवतो. ते काम तज्ज्ञांचे आहे; संरक्षित वास्तूत तर पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीशिवाय हातही लावू नये. गाडीचा रंग पुन्हा देता येतो. पुसलेला शिलालेख पुन्हा कोरता येत नाही.