पहिली लोकसभा आणि अध्यक्ष मावळंकर : एका आक्षेपाचा निवाडा

पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर यांजविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. एक मत त्यांस लोकसभेचे जनक म्हणून गौरवितें. दुसरें मत असें कीं, ते अखेरपर्यंत काँग्रेसचे सभासद राहिले, सबब त्यांचा निःपक्षपात नांवापुरताच होता. बखरकारानें स्तुति केली म्हणून आपण ती जशीच्या तशी स्वीकारीत नाहीं, आणि प्रतिपक्षाच्या निंदेवरहि निकाल देत नाहीं. अस्सल कागद काय सांगतो तें पाहतों. तीच कसोटी येथें लावावयाची आहे.

प्रथम घराण्याचा ठिकाणा. मावळंकरांचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील संगमेश्वराजवळचें मावळंगें. आडनांव त्यावरूनच पडलें. जन्म बडोद्यास, २७ नोव्हेंबर १८८८ रोजीं. वकिली व सार्वजनिक आयुष्य अहमदाबादेस. १९३७ पासून मुंबई विधानसभेचें अध्यक्षपद त्यांजकडे होतें. १९४६ च्या जानेवारींत मध्यवर्ती कायदेमंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं सर कावसजी जहांगीर यांजविरुद्ध अवघ्या तीन मतांनीं मिळविलें. तात्पर्य, १९५२ सालीं आसनावर आलेला मनुष्य नवखा नव्हता.

पहिल्या लोकसभेची बैठक १३ मे १९५२ रोजीं भरली. निवडून द्यावयाच्या ४८९ जागांपैकीं ३६४ एकट्या काँग्रेसकडे होत्या. असें असूनहि १५ मे रोजीं अध्यक्षपदासाठीं मतदान झालें. मावळंकरांचे प्रतिस्पर्धी शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे हे होते. म्हणजे स्वतंत्र भारताच्या लोकसभेंतील अध्यक्षपदाची पहिली लढत दोन मराठी भाषिकांत झाली. मतें पडलीं तीं ३९४ विरुद्ध ५५.

आतां आक्षेपकांची बाजू. ती हलकी नाहीं. इंग्लंडांत अध्यक्ष पक्षाचा संबंध सोडतो. मावळंकरांनीं तो सोडला नाहीं. दुसरें, सभागृहांत पक्ष म्हणून मान्यता मिळण्यास एकंदर सभासदांच्या एक दशांश, म्हणजे गणपूर्तीइतकें, संख्याबळ हवें असा दंडक त्यांनीं घातला. काँग्रेसेतर पक्षांत मोठा जो कम्युनिस्ट पक्ष, त्यास १६ जागा. म्हणजे या दंडकास एकहि विरोधी पक्ष उतरला नाहीं. हा असंतोष वाढत जाऊन १८ डिसेंबर १९५४ रोजीं विघ्नेश्वर मिसिर यांनीं अध्यक्षांस पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. घटनेप्रमाणें त्या वेळीं मावळंकरांस आसनावर बसतां येत नव्हतें. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनीं काम चालविलें. पंतप्रधान नेहरूंनीं आपल्या पक्षाच्या सभासदांस या मतदानांत पक्षाज्ञेचें बंधन नाहीं असें सांगितलें. ठराव नामंजूर झाला. परंतु ज्या सभेंत तीन चतुर्थांश सभासद एका पक्षाचे, तेथें ठराव पडला एवढ्यावरून आक्षेप खोटा ठरत नाहीं, हें आम्हीं मान्य करितों. पुरावा अन्यत्र शोधला पाहिजे.

तो पुरावा आमच्या मतें समित्यांच्या रचनेंत आहे. १९५२ च्या जुलैंत कामकाजाचा वेळ वांटून देणारी सल्लागार समिति झाली. १९५३ च्या डिसेंबरांत आणखी दोन झाल्या. एक, कायद्यानें दिलेल्या अधिकारांत सरकार जे नियम करितें, ते मर्यादेंत आहेत कीं नाहींत हें तपासणारी. दुसरी आश्वासनांची. मंत्र्यानें सभेंत “विचार चालू आहे”, “माहिती मिळवून सांगूं” असे शब्द उच्चारले कीं, मागें ते हवेंत विरून जात. या समितीनें छापील कामकाज वाचावें, त्यांतून असे शब्द वेंचावे, आणि तें वचन पाळलें कीं नाहीं व किती दिवसांनीं पाळलें, हें सभेस कळवावें असें ठरलें. कोणत्या शब्दयोजनेस आश्वासन समजावें याची यादीहि सिद्ध झाली. जुन्या दफ्तरांत करारनाम्यांतील कलमें व त्यांची पूर्तता ताडून पाहणाऱ्या आमच्या वाचकांस या कामाचें मर्म वेगळें सांगावयास नको. उच्चारलेला शब्द लेखांत बांधला गेला म्हणजे तो फिरवितां येत नाहीं.

येथें प्रश्न असा कीं, हीं बंधनें पडत होतीं कोणावर? सरकार काँग्रेसचें; म्हणजे मावळंकरांच्याच पक्षावर. वटहुकुमांविषयींहि तोच प्रकार. वटहुकूम ही रीति मूलतः लोकशाहीविरोधी असून अत्यंत निकडीवांचून तिचा अवलंब करूं नये, असें त्यांनीं नेहरूंस १९५० त व पुन्हां १९५४ च्या जुलैंत पत्रानें कळविलें होतें. पक्षाचें केवळ हित पाहणारा मनुष्य पक्षाच्याच सरकारास अशी पत्रें लिहीत नाहीं.

तथापि यशाची मर्यादाहि नोंदविली पाहिजे. १९ जानेवारी १९५६ रोजीं आयुर्विम्याचा धंदा सरकारनें वटहुकुमानेंच ताब्यांत घेतला. अर्थमंत्री होते कुलाब्याचे प्रतिनिधि चिंतामणराव देशमुख. गुप्तता राखणें अवश्य होतें हें खरें. पण अध्यक्षांचा उपदेश मागें पडला हेंहि खरें. पुढें २७ फेब्रुवारी १९५६ रोजीं मावळंकर निवर्तले आणि मार्चांत अय्यंगार अध्यक्ष झाले. ४ एप्रिल १९५७ रोजीं विसर्जन होईपर्यंत या लोकसभेच्या ६७७ बैठका भरल्या होत्या. हिंदु विवाहाचा १९५५ चा व वारसाहक्काचा १९५६ चा कायदा आणि राज्यपुनर्रचनेचा १९५६ चा कायदा हीं तिचीं ठळक कामें. ‘लोकसभा’ हें तिचें नांवहि याच मुदतींत, १४ मे १९५४ रोजीं, रूढ झालें.

पक्षत्यागाच्या मुद्द्यावर मावळंकरांचें म्हणणें असें कीं, इंग्लंडांत अध्यक्षाच्या जागेस सामान्यतः मोठे पक्ष विरोध करीत नाहींत. तो संकेत येथें रुजल्यावांचून पक्षत्यागाची अपेक्षा एकांगी होय. हें उत्तर व्यवहाराचें आहे, आदर्शाचें नाहीं. तो संकेत पुढेंहि रुजला नाहीं, हें उणें त्यांच्या खात्यावर तसेंच राहतें.

एवंच निवाडा असा : मावळंकर पक्षातीत नव्हते, परंतु पक्षाधीनहि नव्हते. आक्षेपकांनीं त्यांचें सभासदत्व पाहिलें, भाटांनीं आसन पाहिलें; मागें राहिलेले नियम व समित्यांचे अहवाल दोघांनींहि पुरेसे पाहिले नाहींत. ज्यांच्या संग्रहीं त्या मुदतींतील वादविवादांचे छापील खंड असतील, त्यांनीं ते जुन्या पोथ्यांइतकेच जपावे. या वादाचा खरा साक्षीदार तोच आहे.