वृक्क, मधुमेह आणि प्राणिप्रयोग : शब्दांच्या अंगाने एक विचार

आजचे ज्ञान जुन्या शब्दांत वाचण्याचा मोह वैद्यकाच्या इतिहासकारास नेहमीच पडतो. चरकसंहितेत मधुमेहाची गणना वीस प्रमेहांत आहे, आणि शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धावणे हे प्रमेहाचे पूर्वरूप सांगितले आहे. तथापि त्याच ग्रंथात वृक्क हे मेदोवह स्रोतसांचे मूळ मानले आहेत. मूत्रवह स्रोतसांचे मूळ बस्ती व वंक्षण होत. 'मूत्रपिंड' हा मराठी शब्द जे कार्य गृहीत धरतो, ते 'वृक्क' या शब्दात अभिप्रेत नव्हते. प्रमेहात मेद दूषित होतो, एवढ्यावरून मधुमेहजन्य वृक्कविकार प्राचीनांस ज्ञात होता असे म्हणणे युक्त नव्हे.

१८८९ साली मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेह उत्पन्न केला. १९३६ साली किमेल्स्टील व विल्सन यांनी मधुमेही मृतांच्या वृक्कांतील केशिकागुच्छांत गाठी वर्णिल्या. पुढे १९४३ साली ग्लासगो येथे डन व त्यांचे सहकारी वृक्काच्या इजेचा शोध घेत असता, अ‍ॅलॉक्सन टोचलेल्या सशांत स्वादुपिंडातील द्वीपके नष्ट झालेली आढळली. वृक्काच्या शोधातून अशा रीतीने मधुमेहाचेच एक प्रतिरूप हाती आले.

'प्रतिरूप' म्हणजे मूळ वस्तू नव्हे. स्ट्रेप्टोझोटोसिनने उंदरास मधुमेह होतो. पण मोठ्या मात्रेत ते द्रव्य वृक्कासही प्रत्यक्ष बाधते. म्हणून इजा शर्करेची की विषाची, हे आधी ठरवावे लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत भक्षकपेशींना पाचारण करणारे एक प्रथिन नसलेल्या मधुमेही उंदरांत वृक्काची हानी कमी आढळली. या प्रक्रियेस आपण 'दाह' अथवा 'शोथ' म्हणतो. परंतु रुग्णास येथे जळजळही जाणवत नाही आणि वृक्काची सूजही दिसत नाही. शब्द जुना, अर्थ नवा.

२०१५ साली हर्डीकर, पुण्याचे याज्ञिक प्रभृतींनी पन्नास पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेह होण्याची त्यांची प्रवणता आठपट होती, आणि पुढील दोन पिढ्यांना पोटभर अन्न देऊनही चयापचयातील दोष गेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या सुग्रास अन्नावर पोसलेला प्रयोगशाळेतील उंदीर आपल्याकडील कमी वजनाने जन्मलेल्या रुग्णाचे प्रतिरूप कितपत ठरेल, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. वृक्कविकाराच्या प्रतिरूपांसही हीच कसोटी लावणे अगत्याचे आहे. प्रतिरूप कोणाचे, हे निश्चित झाल्याविना त्यातून निघालेला निष्कर्ष कोणास लागू करावा, हे सांगता येणार नाही.