अक्कलदाढ

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या दातांच्या दवाखान्यात पेशंट म्हणतो ‘अक्कलदाढ’, एक्स-रे काढणारी मदतनीस लिहिते ‘३८’: खालचा डावा जबडा, मधल्या रेषेपासून आठवा दात. दाढ आपली, संस्कृत दंष्ट्रा, प्राकृत दाढा. ‘दाढी’ही याच गोतातली. अक्कल मात्र अरबी. ही दाढ उगवते साधारण सतरा ते पंचविशीत, म्हणून हे नाव. लॅटिनमध्येही हा शहाणपणाचाच दात. फिल्मवर ती पुष्कळदा आडवी, शेजारच्या दाढेत डोकं खुपसून दिसते. शहाणपण कुठलं!

आता हा ‘एक्स-रे’ शब्द: १८९५मध्ये शास्त्रज्ञ रंटगेनने अनोळखी किरणांना ‘एक्स’ म्हटलं. बीजगणितातला आपला अज्ञात ‘क्ष’, म्हणून क्ष-किरण. नेमका शब्द, पण तो बोलण्यात रुळला नाही. दवाखान्यात ‘क्ष-किरण काढा’ कुणी म्हणत नाही.