मुंबईचा १९२९ चा प्रसूति-साहाय्य कायदा : एक ऐतिहासिक विवेचन

मातृ-बालकल्याणाच्या इतिहासात दयाबुद्धीने चालविलेल्या संस्थांचा उल्लेख विपुल आढळतो. परंतु पाहणी, आकडेवारी आणि कायदा यांच्या परस्परसंबंधाकडे त्या मानाने अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. मुंबई इलाख्यातील १९२९ चा प्रसूति-साहाय्य कायदा हा त्या संबंधाचा एक उत्कृष्ट नमुना होय. हिंदुस्थानातील या स्वरूपाचा हा पहिलाच कायदा. तो कोणत्या परिस्थितीतून निर्माण झाला आणि त्याने कोणता प्रश्न अनिर्णित ठेवला, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या कापडगिरण्यांत स्त्रियांचे प्रमाण एकूण कामगारांच्या सुमारे एक-पंचमांश होते. रिळे भरणे, सूत गुंडाळणे ही कामे प्रामुख्याने त्यांच्याकडे असत. १९११ च्या कारखाना-कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास दिवसाला अकरापर्यंत मर्यादित केले होते. मात्र बाळंतपणाच्या काळातील विश्रांतीविषयी वा वेतनाविषयी त्यात काहीही तरतूद नव्हती. सबब, दिवस भरेपर्यंत काम करावयाचे आणि प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर कामावर परतावयाचे, एवढाच मार्ग गरीब स्त्रीला मोकळा होता.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत मातृसंरक्षणाचा करार संमत झाला आणि या प्रश्नाला सरकारी पातळीवर चालना मिळाली. मुंबईत १९२१ साली मजूर-कचेरी स्थापन झाली. त्याच सुमारास स्त्री-कामगारांच्या प्रसूतिविषयक परिस्थितीची पाहणी करण्याचे काम सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांकडे सोपविले. त्यांचा अहवाल १९२२ साली मजूर-कचेरीच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, हा त्यातील निष्कर्ष विशेष गाजला. आई पाळीवर असताना मूल शांत पडून राहावे, म्हणून त्याला अफूमिश्रित ‘बाळगोळी’ चाटविली जाई. या प्रथेचे खापर मातेच्या अज्ञानावर फोडणे सोपे होते. परंतु मुलाला सांभाळणारे दुसरे माणूस घरी नाही आणि रजा घेतली तर रोज बुडतो, अशा स्थितीत तिच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता, हा प्रश्न पाहणीमुळे प्रथमच स्पष्टपणे पुढे आला.

याच काळातील बालमृत्यूचे आकडेही भयावह होते. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यू झाले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण आठशेच्याही पुढे गेले होते. या आकड्यांचा उपयोग मात्र सावधपणे केला पाहिजे. बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर गावी जाण्याची रीत असल्याने अनेक मुलांचा जन्म गावी होई व मृत्यू मुंबईत नोंदला जाई. त्यामुळे प्रमाण फुगलेले दिसते. तथापि खोल्यांची संख्या वाढेल तसे मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरत असे. हा उतार इतका तीव्र आहे, की केवळ नोंदणीच्या दोषाने त्याचा सर्वस्वी उलगडा होणे कठीण आहे.

१९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूति-साहाय्याचे विधेयक मांडले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. त्यानंतर मुंबई कायदे कौन्सिलात असवले यांनी विधेयक आणले. जुलै १९२८ मध्ये त्यावरील चर्चेत डॉ. भीमराव आंबेडकर यांनी केलेले विवेचन मूलगामी होते. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून त्याचा भार बव्हंशी सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकालाही होतो. तेव्हा त्याला जबाबदारीतून पूर्णपणे मुक्त करता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१९२९ साली संमत झालेल्या कायद्याने प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास मनाई केली आणि विश्रांतीच्या काळासाठी दिवसाला आठ आणे भत्ता ठरविला. हा भत्ता मात्र सर्वस्वी मालकाने द्यावयाचा होता. कायद्याचे दौर्बल्य नेमके येथेच होते. स्त्रीला कामावर ठेवणे हे मालकाच्या दृष्टीने खर्चाचे झाले. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण सतत घटत गेले. या घटीला गिरण्यांतील कामाची पुनर्रचना व यंत्रबदल हीही बलवत्तर कारणे होती. म्हणून सारा दोष कायद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही संरक्षणाचा खर्च एकट्या मालकावर टाकल्यास संरक्षित व्यक्तीच नकोशी ठरण्याचा धोका असतो, हे या अनुभवाने दाखवून दिले.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हा खर्च वर्गणीच्या रूपाने विभागण्याचे तत्त्व स्वीकारले. १९६१ च्या अखिल भारतीय कायद्याने मात्र पुन्हा मालकाच्याच दायित्वाचा मार्ग धरला. २०१७ साली रजेची मुदत बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हाही भार देण्याची पद्धत बदलली नाही. शिवाय शेतमजुरी, घरकाम, बांधकाम यांत राबणारी बहुसंख्य स्त्री या रजेच्या कक्षेबाहेरच राहिली.

तात्पर्य, १९२२ च्या पाहणीने मातेची दुःस्थिती सप्रमाण सिद्ध केली व १९२९ च्या कायद्याने तिचा हक्क मान्य केला. परंतु त्या हक्काचे मूल्य कोणी चुकवावयाचे, हा १९२८ साली कौन्सिलात उपस्थित झालेला प्रश्न अद्यापि पूर्णपणे सुटलेला नाही. बालकल्याणाच्या कोणत्याही योजनेचे परीक्षण करताना लाभाच्या रकमेइतकाच तिच्या भाराच्या वाटणीचाही विचार व्हावयास हवा.