बुचाची रेल्वे आणि बिनमोटारीची वाट

आजचा विषय सायकलचा आहे, पण सायकल जरा उशिरा येईल. आधी एक झाड येईल, मग रेल्वे आणि मग वणवा.

‘ग्रॅव्हल सायकल’ हा शब्द आता आपल्याकडच्या सायकलवाल्यांमध्येही रुळला आहे. रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड. ती डांबरावर पळते आणि खडी-मातीच्या वाटेवरही पळते. ती चालवणारे लोक मोटारी नसलेल्या वाटा शोधत असतात. त्यांच्या बोलण्यात एक गाव हमखास येतं: जिरोना. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालोनिया प्रांतात, भूमध्य समुद्रापासून साधारण तीस किलोमीटर आत. शहर आणि समुद्र यांच्यामध्ये गावारेस नावाचे बुटके डोंगर आहेत. त्यांचं सर्वांत उंच टोकही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आत, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहून कमी.

या डोंगरांपलीकडे कोस्ता ब्रावाचा किनारा. उन्हाळ्यात तिथं पर्यटकांची नुसती जत्रा असते. आणि त्याला लागूनच असलेल्या गावारेसमध्ये तासन् तास सायकल चालवा, मोटार क्वचितच आडवी येते. ही शांतता आली कुठून? कुणी म्हणेल, निसर्ग आहे, आणखी काय! पण या वाटा निसर्गानं केलेल्या नाहीत, सायकलस्वारांसाठी कुणी बांधलेल्याही नाहीत. त्या कामासाठी झाल्या. ते काम आटलं, म्हणून त्या शांत झाल्या.

ते काम म्हणजे बूच. आपल्याकडे ज्याला बुचाचं झाड म्हणतात, लांब देठाच्या पांढऱ्या सुवासिक फुलांचं, ते हे नव्हे. हा ओकचा एक प्रकार. त्याची साल जाड आणि स्पंजासारखी असते, आणि ती नीट काढली तर झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. उन्हाळ्यात, झाडात रस वाहत असताना, अनुभवी माणूस कुऱ्हाडीनं बेताचा घाव घालून सालीचे मोठे पत्रे सोडवतो. घाव खोल गेला तर झाडाला इजा. रोप लावल्यापासून पहिली साल निघायला पंचवीसेक वर्षं लागतात, आणि ती बाटलीच्या बुचाच्या कामाची नसतेच. पुढची साल दहा-बारा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा. म्हणजे आजोबांनी झाड राखलं तर नातवाला पैसा. जंगल जपण्याचं कारण त्या धंद्यातच होतं.

अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये शॅम्पेन आणि इतर वाइन बाटल्यांत भरून विकण्याचं प्रमाण वाढलं आणि चांगल्या बुचाला मागणी आली. फ्रान्सच्या सरहद्दीजवळच्या कातालान गावांत बूच कापण्याचा धंदा सुरू झाला आणि तो दक्षिणेकडे गावारेसच्या पायथ्याला सरकला. पालाफ्रुझेल, सांत फेलिउ दे गिशोल्स, कासा दे ला सेल्वा, ल्यागोस्तेरा ही सगळी बुचाची गावं. साल उकळायची, सपाट करायची, पट्ट्या पाडायच्या, पट्ट्यांचे चौकोनी तुकडे करायचे आणि ते धारदार सुरीनं गोल करायचे. एकोणिसाव्या शतकात हजारो हात या कामात होते. पालाफ्रुझेलमध्ये एका जुन्या कारखान्याच्या जागेत आज बुचाचं संग्रहालय आहे, ते त्याच दिवसांची आठवण ठेवतं.

माल आला की वाहतूक आली. बार्सिलोनाकडून येणारा मोठा रेल्वेमार्ग जिरोनावरून जातो, तो 1878 मध्ये फ्रान्सच्या सरहद्दीपर्यंत जोडला गेला. सांत फेलिउला बंदर होतं, पण रेल्वे नव्हती. मग बरंचसं भांडवल गावातल्याच लोकांनी उभं केलं आणि 1892 मध्ये सांत फेलिउ ते जिरोना अशी सुमारे चाळीस किलोमीटरची छोटी रेल्वे धावू लागली. रुळांमधलं अंतर 750 मिलिमीटर. लोक तिला लाडानं ‘कारिलेत’ म्हणत.

बडोद्याच्या श्रोत्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. गायकवाड सरकारची डभोईची छोटी रेल्वे 1862 ची, सुरुवातीला तर बैल ओढत असत. बार्शीकरांची बार्शी लाइट रेल्वे 1897 ची. दोन्हींचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे 762 मिलिमीटर. कारिलेतपेक्षा जेमतेम बोटभर रुंद. विचार तोच होता: मोठी रेल्वे परवडत नाही, पण शेताचा-रानाचा माल तर बाहेर गेला पाहिजे.

जिरोनाच्या दुसऱ्या बाजूनं, ओलोत या डोंगराळ गावाकडे, आणखी एक छोटी रेल्वे निघाली. ती इंग्रज कंपनीनं काढली आणि 1911 मध्ये ती ओलोतला पोचली. एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. छोट्या इंजिनात दम कमी, म्हणून मार्ग हलक्या चढाचा आखावा लागतो. टेकडी आली की वळसा, ओढा आला की पूल, खिंड आली की खोदाई.

मग उतार लागला. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं आणि बुचाच्या बाजारपेठा तुटल्या. हातानं बूच कापणाऱ्याची जागा यंत्रानं घेतली. गावारेसमध्ये दुसरा मोठा धंदा कोळशाचा होता. ओक आणि इतर लाकडाच्या भट्ट्या लावून कोळसा पाडत. 1957 मध्ये स्पेनमध्ये बुटानो ही सरकारी गॅस कंपनी निघाली आणि बघता बघता नारिंगी सिलिंडर घरोघर गेलं. कोळसा कोण घेणार? त्याच वर्षी सीट 600 ही छोटी मोटार बाजारात आली. किनाऱ्यावर हॉटेलं उठत होती, तिथं रोजगार होता. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांमधली माणसं खाली उतरली. माल ट्रकनं जाऊ लागला, माणसं बसनं. 1969 मध्ये दोन्ही छोट्या रेल्वे बंद झाल्या.

रेल्वे बंद पडली की रूळ भंगारात जातात आणि पट्टा उरतो. हा पट्टा फार विचित्र संपत्ती आहे. त्याची किंमत सलग असण्यात आहे. मध्ये एका शेतकऱ्यानं कुंपण सरकवलं, एका पालिकेनं बाजार बसवला, एक पूल पडला, की उरलेल्या तीस किलोमीटरचा उपयोग संपला. आणि पुन्हा जोडायचा म्हटलं तर शेकडो मालकांशी बोलणी. स्पेनमध्ये 1993 पासून बंद रेल्वेमार्गांच्या ‘हरित वाटा’ करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जिरोनाच्या भागातल्या संस्थांनी मिळून हे दोन्ही मार्ग सायकल आणि पायी चालण्यासाठी खुले केले. काही जागी वाट रस्त्यालगत सरकवावी लागली, पण धागा तुटला नाही. आज जिरोनाहून निघालात की क्वार्त, कासा, ल्यागोस्तेरा करत समुद्रापर्यंत जाता येतं. ल्यागोस्तेराच्या आसपास चढ संपतो आणि उतार थेट किनाऱ्याकडे नेतो. लहान मुलंही हा रस्ता करतात. त्या अशक्त इंजिनाचे उपकार.

ही झाली रेल्वेची वाट. पण ग्रॅव्हलवाल्यांना ओढ असते ती डोंगरातल्या वाटांची, आणि त्यांची गोष्ट एवढी गोड नाही.

माणसं उतरली तेव्हा जंगल मोकळं झालं नाही, दाट झालं. पूर्वी कोळसेवाला लाकूड नेई, शेळ्या झुडपं खात, बूचवाला झाडाखालची जागा साफ ठेवी. ते सगळं थांबलं. शेतंसुद्धा रान झाली. कोरडा उन्हाळा, जोराचा उत्तरेचा वारा आणि वाळलेलं झुडूप: आगीला आणखी काय हवं? 2012 च्या जुलैत याच प्रदेशाच्या उत्तरेला, ला जोंकेरा भागात वणवा लागला आणि दहा हजारांहून जास्त हेक्टर जळालं. त्यात बुचाची जंगलंही होती. जाड सालीमुळे बुचाचा ओक बऱ्याचदा आगीतून वाचतो आणि पुन्हा फुटतो. पण साल नुकतीच काढलेली असेल तर तो उघडा पडतो.

म्हणून वाटा रुंद झाल्या. बूच आणि कोळसा वाहणाऱ्या खेचरांच्या जुन्या वाटा अग्निशमनाच्या गाड्या जाव्यात म्हणून मोठ्या केल्या, काही नव्या काढल्या. 1986 पासून कातालोनियात जंगलमालक, गावं आणि स्वयंसेवक यांची वनरक्षण पथकं उभी राहिली. वाटा राखणं हे त्यांचंही काम. 1995 च्या कायद्यानं मोटारींना वाट सोडून रानात घुसायला बंदी केली. आज सायकलस्वार ज्या खडीवरून मजेत जातो, ती बहुतेक आगीच्या भीतीनं सपाट केलेली आहे. आणि जंगल मोठ्या प्रमाणात खासगी मालकीचं आहे, हेही विसरू नये.

सायकल आली ती या सगळ्यानंतर. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन व्यावसायिक सायकलपटू जिरोनात राहू लागले, पाठोपाठ इतर आले. खडीवरच्या लांब शर्यतींची लाट अमेरिकेतून आली. कॅन्ससमधली प्रसिद्ध शर्यत 2006 मध्ये सुरू झाली. 2022 मध्ये ग्रॅव्हलची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा इटलीत झाली. जिरोनाला नवं काही बांधावं लागलं नाही. वाटा तयार होत्या.

मग हा सगळा शुभशेवट का? मला तसं वाटत नाही. सायकलस्वार कॉफी पितो, खोली भाड्यानं घेतो, पण झुडपं तोडत नाही. तो साल काढत नाही. साल काढणारी कुशल माणसं कमी होत चालली आहेत, आणि वाइनच्या बाटलीला पत्र्याचं फिरकीचं झाकण आलं की बुचाचा भाव आणखी पडतो. वाट टिकवायची तर जंगल टिकलं पाहिजे, आणि जंगल टिकवायचं तर त्यात काम करून पोट भरणारं कुणीतरी हवं. नुसत्या शांततेवर डोंगर चालत नाही. उलट अर्थानंही हे खरं आहे: जून ते ऑगस्टमध्ये वळणावर सालीनं भरलेली गाडी समोर आली, तर बाजूला उतरायचं सायकलवाल्यानं. वाट आधी तिची आहे.

आपल्याकडेही छोटे रेल्वेमार्ग बंद झाले, काही ब्रॉडगेज झाले, काहींचे पट्टे नुसते पडून आहेत. तुमच्या गावाजवळ असा पट्टा असेल तर एकदा त्यावरून चालून या. तो अजून सलग आहे का, एवढंच पाहा. असेल तर ग्रामसभेत, पालिकेत त्याचा विषय काढा. रेल्वेच पुन्हा आणायची की वाट करायची, हे नंतर ठरवता येईल. तुकडे पडले तर ठरवायला काही उरणार नाही.